भाषेकडे काय मागावं



ज्या गणिताच्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे निम्मे विद्यार्थी पुढे इंजिनिअर झाले, असं आयोजकांनी मला फोनवर सांगितलं. त्यामुळे विषय निवडताना मी फारशी भीड बाळगली नाही. उरलेल्या निम्म्यांनी सांभाळून घ्यावं.

शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर ज्या भाषांत आकडेमोड करतात, म्हणजे फोर्ट्रान, पायथन, ज्युलिया, सायलॅब वगैरे, त्या भाषांमध्ये नवी भर कशी पडते, हा आजचा विषय. कुणीतरी काहीतरी मागतं, कुणीतरी अडवतं, वाद झडतो, आणि मग कधी दोन वर्षांनी तर कधी साठ वर्षांनी ती गोष्ट भाषेत येते.

साठ वर्षं मी उगाच म्हणत नाही. साइन ३० बरोबर एक द्वितीयांश, हे आपण सगळ्यांनी शाळेत घोकलं. फोर्ट्रानला साइन ३० विचारलं तर उत्तर येतं उणे ०.९८८. तिला कोन रेडियनमध्ये लागतो. त्यामुळे जमिनीची मोजणी करणारा असो, पुलाच्या कमानीचा हिशेब करणारा असो की उपग्रहाची दिशा काढणारा, जो तो पायला १८० ने भागून त्याने गुणत बसला. पाय किती दशांश स्थळांपर्यंत घ्यायचा ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर, कुणी ३.१४१६ वरच थांबायचा. काही कंपन्यांच्या कंपायलरमध्ये अंशांवर चालणारी फंक्शनं पदरची म्हणून घातलेली होती, साइन-डी, कॉस-डी अशा नावांची. पण ती वापरून लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या कंपनीच्या कंपायलरवर चालेलच याची हमी नाही. फोर्ट्रान आली १९५७ साली, आयबीएम ७०४ या यंत्रावर. अंशांवर चालणारी ही फंक्शनं तिच्या अधिकृत स्टँडर्डमध्ये दाखल झाली ती फोर्ट्रान २०२३ मध्ये. सहासष्ट वर्षं!

एवढ्या साध्या गोष्टीला इतका वेळ का लागावा? या सभागृहातले बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या सोसायटीचे सभासद असतील. चौथ्या मजल्यावरच्याने लिफ्ट मागितली की तळमजल्यावरचा विचारतो, मेंटेनन्स माझ्याही माथी का? प्रश्न आडमुठा वाटतो, पण चुकीचा नाही. भाषेत घातलेली सोय प्रत्येक कंपायलरवाल्याला बांधावी लागते, पाठ्यपुस्तकात शिकवावी लागते, आणि जो ती कधीच वापरणार नाही त्यालाही दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये वाचावी लागते. फोर्ट्रानची डब्ल्यूजी-५ ही आंतरराष्ट्रीय समिती किंवा प्रत्यक्ष मसुदा लिहिणारी जे-३ ही अमेरिकी समिती हात आखडून असते, ती या हिशेबामुळे. आणि तिने हात सैल सोडला की काय होतं, त्याचंही उदाहरण आहे.

१९९३ च्या सुमारास हाय परफॉर्मन्स फोर्ट्रान नावाचा मोठा घाट घातला गेला. हजारो प्रोसेसरांनी एकाच वेळी काम करावं, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्याचा फारसा त्रास होऊ नये, असा बेत. त्यातून फॉरऑल नावाची रचना पुढे आली आणि १९९५ च्या स्टँडर्डमध्ये तिला रीतसर जागा मिळाली. फॉरऑलचा नियम असा की उजव्या बाजूची सगळी उत्तरं आधी काढायची आणि मगच डाव्या बाजूला भरायची. ऐकायला स्वच्छ वाटतं. पण सगळी उत्तरं आधी काढायची तर ती तोवर ठेवायची कुठे? कंपायलरला खात्री नसली की तो पूर्ण आकाराची तात्पुरती नक्कल करतो. लाखो आकड्यांची नक्कल करायची, मग ती परत उतरवायची. परिणामी वेगासाठी आणलेली फॉरऑल कित्येकदा आपल्या साध्या डू लूपपेक्षा हळू चालायची. ज्या जातीच्या यंत्रांसाठी ती जन्मली ती यंत्रंही मागे पडली. २००८ च्या स्टँडर्डमध्ये डू कन्करंट आली, आणि २०१८ मध्ये फॉरऑलवर कालबाह्य असा शिक्का बसला. शिक्का बसला म्हणून ती गेली असं मात्र नाही. जुने प्रोग्राम चालायला हवेत, म्हणून आज नवा कंपायलर लिहायला बसलेल्या माणसालाही ती शिकवावीच लागते.

याच्या उलट गोष्ट रॅटफोरची. सत्तरच्या दशकातल्या फोर्ट्रानमध्ये 'असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर' असं सरळ लिहायची सोय नव्हती. गोटू लिहायचा, लेबलांचे आकडे द्यायचे आणि वाचणाऱ्याने बोट ठेवून पानभर उड्या मारायच्या. बेल लॅब्जमध्ये ब्रायन कर्निघन यांनी यावर तोड काढली. त्यांनी इफ-एल्स आणि व्हाइल असलेली स्वच्छ भाषा लिहिली, आणि तिचं साध्या फोर्ट्रानमध्ये रूपांतर करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. तो रॅटफोर. असे रूपांतरक त्या काळात जागोजाग निघाले. फोर्ट्रान ७७ मध्ये इफ-देन-एल्स आलं, तेव्हा ते कुणाच्या डोक्यातून नव्याने निघालेलं नव्हतं. लोक ते वापरतच होते, फक्त भाषेच्या बाहेर.

अशीच दुसरी मागणी अमेरिकेच्या संरक्षण खात्याची. फोर्ट्रानमध्ये न सांगता वापरलेल्या नावाचा प्रकार पहिल्या अक्षरावरून ठरतो. आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं नाव पूर्णांक, बाकी सगळं दशांश. त्यावरून जुना विनोद आहे की देव, म्हणजे गॉड, हा रियल असतो, इंटिजर म्हणून जाहीर केला नाही तोवर. विनोद ठीक आहे, पण नावात एक अक्षर चुकलं की कंपायलर निमूटपणे नवं नाव तयार करतो आणि चुकीचं उत्तर छापतो. हे बंद करणारं इम्प्लिसिट नन हे वाक्य संरक्षण खात्याने १९७८ च्या आपल्या नियमावलीतच घालून टाकलं, कंपायलरवाल्यांनी ते दिलं, आणि भाषेच्या स्टँडर्डने ते फोर्ट्रान ९० मध्ये स्वीकारलं.

आता माझा मुद्दा सांगते. काम करणाऱ्या माणसाने अडल्यावर काढलेली आडवाट म्हणजे न लिहिलेला प्रस्ताव असतो. भाषेत टिकलेल्या बऱ्याच सोयी आधी आडवाट म्हणून मळलेल्या होत्या. आणि आपल्याकडे, पवईपासून तुर्भ्यापर्यंत, आडवाटा भरपूर आहेत. त्या लिहून काढणारी माणसं कमी.

लिहून काढणं म्हणजे काय, हे एका प्रस्तावावरून दाखवते. पायथन ही मुळात शास्त्रज्ञांसाठी बनलेली भाषा नाही. पण १९९५ पासून जिम ह्यूगनिन आणि इतर काही जण तिच्यात आकड्यांचे तक्ते घालण्याच्या खटपटीला लागले होते, आणि १९९६ च्या पायथन १.४ मध्ये काँप्लेक्स संख्या आणि तक्त्याचे तुकडे काढायची वाढीव पद्धत त्यांच्या गरजेपोटी आली. एक दुखणं मात्र राहिलं. दोन तक्त्यांचा गुणाकार दोन तऱ्हांनी होतो. एकतर समोरासमोरचे आकडे गुणायचे, किंवा बारावीत शिकलो तसं आडव्या ओळीने उभ्या रकान्याला गुणून बेरीज घेत जायची. चिन्ह एकच होतं, फुलीचं, आणि पायथनमध्ये तक्ते हाताळणाऱ्या न्यूम्पाय या लायब्ररीने ते पहिल्या प्रकाराला देऊन टाकलं. मग खऱ्या मॅट्रिक्स गुणाकाराला डॉट नावाचं फंक्शन. चार मॅट्रिक्स गुणायच्या तर असं लिहायचं:

डॉट(डॉट(डॉट(क, ख), ग), घ)

वहीत जे क ख ग घ इतकंच असतं, त्याचं हे असं होतं. सूत्र मोठं झालं की कंस मोजण्यातच दुपार जायची. यावर न्यूम्पायमध्येच एक आडवाट होती. मॅट्रिक्स नावाचा वेगळा प्रकार, ज्यात फुलीचा अर्थ खरा मॅट्रिक्स गुणाकार. हा तर जास्तच घातक निघाला. तुम्ही लिहिलेल्या फंक्शनला समोरून साधा तक्ता आला की मॅट्रिक्स, हे कळणार कसं? तक्ता चौरस असेल तर दोन्ही गुणाकार होऊ शकतात. यंत्र कुरकुरत नाही, उत्तर मात्र चुकीचं. ज्यांनी असली चूक शोधण्यात रात्र घालवली आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

२००० साली यावर दोन प्रस्ताव आले होते. त्यातल्या एकाने तर नव्या चिन्हांचं अख्खं कुटुंबच मागितलं. दोन्ही बारगळले. मग २०१४ मध्ये नॅथॅनिएल स्मिथ यांनी नवा प्रस्ताव लिहिला, क्रमांक ४६५. तरुण प्रोग्रामरांनी तो एकदा नीट वाचावा असं मी नेहमी सांगते. त्यात तक्रार फार थोडी आहे. बाकी बराचसा मजकूर दुसऱ्याच्या शंकांना दिलेली उत्तरं. आपल्या क्षेत्राबाहेरच्या वाचकाला दोन गुणाकार का लागतात हे त्यांनी आधी समजावलं. मग प्रत्यक्षातल्या प्रोग्राममध्ये कोणतं चिन्ह किती वेळा येतं ते मोजलं, आणि पायथनमध्ये आधीपासून असलेल्या काही चिन्हांपेक्षा मॅट्रिक्स गुणाकाराचाच वापर जास्त होतो हे दाखवलं. मागणी एकाच चिन्हाची ठेवली, @ या. कीबोर्डवर आहे, ईमेलमुळे सगळ्यांना माहीत आहे. घातांकासाठी त्यांनी आधी @@ सुद्धा मागितलं होतं. ते फार जणांना लागत नाही असं चर्चेत दिसल्यावर गुपचूप मागे घेतलं. मला विचाराल तर अर्धी लढाई त्यांनी तिथेच जिंकली.

या चर्चेतला एक बारकावा पाहण्यासारखा आहे. क @ ख @ ग लिहिलं तर आधी कोणती जोडी गुणायची, डावीकडची की उजवीकडची? उत्तर दोन्हीकडून सारखंच येतं, खर्च मात्र सारखा नसतो. समजा क आणि ख या हजार बाय हजारच्या मॅट्रिक्स आहेत आणि ग हा हजार आकड्यांचा एक रकाना. डावीकडून गेलात तर क आणि ख चा गुणाकार करायला १०० कोटी गुणाकार लागतात, वर रकान्याचे १० लाख. उजवीकडून गेलात तर एकूण २० लाखांत काम होतं. पाचशे पट फरक, तोही केवळ कंस कुठे मानायचा यावरून. तरीही निर्णय डावीकडूनचाच झाला, कारण फुलीचा गुणाकार डावीकडून चालतो आणि शेजारशेजारच्या दोन चिन्हांनी उलटसुलट वागावं हे वाचणाऱ्याला जाचक. हा निर्णय मला पटतो. ज्याला खर्चाची काळजी आहे तो स्वतः कंस घालेल. २०१५ च्या पायथन ३.५ मध्ये @ आलं. गंमत म्हणजे पायथनच्या स्वतःच्या पोतडीत मॅट्रिक्स नावाची वस्तूच नाही. म्हणजे भाषेने हे चिन्ह सर्वस्वी पाहुण्यांसाठी घेतलं.

आता आपल्या उपनगरात येऊ. पवईला आयआयटीत कुठल्याही शाखेच्या मुलाला सुरुवातीला प्रोग्रामिंग शिकावं लागतं, मग तो सिव्हिलचा असो की केमिकलचा. तिथले प्राध्यापक अभिराम रानडे यांनी सी-प्लस-प्लस शिकवण्यासाठी सिंपलसीपीपी नावाची लायब्ररी केली. त्या भाषेत एखादी गोष्ट चार वेळा करायची तर फॉर लूप लागतो, आणि फॉरच्या कंसात सुरुवात, अट आणि वाढ अशा तीन गोष्टी भराव्या लागतात. ज्याला व्हेरिएबल म्हणजे काय हे अजून माहीत नाही, त्याला हे पहिल्या तासाला कसं सांगणार? रानडे सरांनी रिपीट हा शब्द भाषेत जणू नवा घातला. रिपीट, कंसात ४, आणि आत 'शंभर पावलं पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ'. पडद्यावरचं कासव चौरस काढतं. रिपीटच्या आत रिपीट घातला की नक्षी होते. पहिल्याच दिवशी मुलाने काहीतरी केलेलं असतं. वास्तविक हा एक मॅक्रो आहे. पडद्यामागे त्याचा फॉरच होतो. पण विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती भाषेतली रचनाच.

हा रिपीट सी-प्लस-प्लसच्या समितीकडे न्यायला हवा का? मला वाटतं, मुळीच नाही. त्याची गरज शिकणाऱ्याला पहिला महिनाभर. पुढे फॉर येतोच. तेवढ्यासाठी जगभरच्या कंपायलरांनी खर्च का करावा? लायब्ररीत भागतं ते लायब्ररीत ठेवावं. आडवाट कधी आडवाटच बरी असते, आणि ती कोणती हे ओळखणं हासुद्धा प्रस्ताव लिहिणाऱ्याच्या कामाचाच भाग.

त्याच आवारात एअरोस्पेस विभागातले प्रभू रामचंद्रन, ज्यांचा मायावी हा त्रिमितीय चित्रं काढणारा प्रोग्राम जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात, त्यांच्या गटाने कंपाइल हे साधन केलं. द्रवाचा प्रवाह लाखो कणांच्या रूपात मांडून गणित करायचं तर पायथन हळू पडते. सी किंवा ग्राफिक्स कार्डाच्या भाषेत लिहावं तर एकच गणित तीन तीन वेळा लिहावं लागतं. म्हणून त्यांनी पायथनचा एक मर्यादित तुकडा निवडला. तेवढ्यातच लिहायचं, कोणता आकडा कोणत्या प्रकारचा ते सांगायचं, आणि साधन त्याचं रूपांतर करून प्रोसेसरवर किंवा ग्राफिक्स कार्डावर चालवतं. रॅटफोरची आठवण झाली ना? हीच जात. हा नुसता जुगाड नाही, भाषेत पुढे काय असायला हवं याची ती चाचणी आहे.

आणि चाचणीला पुराव्याची जोड हवी असेल तर तीही पवईतच आहे. तिथल्या फॉसी प्रकल्पाने इंजिनिअरिंगच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं विद्यार्थ्यांकडून सायलॅबमध्ये आणि पायथनमध्ये लिहून घेतली. टेक्स्टबुक कंपॅनियन म्हणतात त्यांना. उद्देश शिक्षणाचा होता. पण भाषेच्या दृष्टीने पाहिलं तर सामान्य भारतीय इंजिनिअर रोज काय लिहितो, कुठे एकच ओळ पुन्हा पुन्हा गिरवतो, कुठे अंशांचे रेडियन करतो, याचं हे आयतं भांडार आहे. स्मिथनी जी मोजणी केली तशी या भांडारावर कुणीतरी करायला हवी. एम.टेक.च्या प्रबंधाला विषय मिळत नाही म्हणून रडणाऱ्यांनी ऐकून ठेवावं.

पुराव्यानंतरचा अडथळा कंपायलरचा. नुसत्या कागदावरच्या प्रस्तावाला समित्या फार भाव देत नाहीत. चालवून दाखवा म्हणतात. पवईच्याच उदय खेडकर यांनी जीसीसी या कंपायलरच्या पोटात शिरून दाखवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. जीसीसीत फोर्ट्रानही आहे, आणि तो खुला आहे. म्हणजे बदल करून दाखवायला परवानगीही लागत नाही.

चर्चा किती लांबू शकते हे दाखवायला ज्युलियाचं थोडक्यात सांगते. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या या भाषेच्या चार जनकांपैकी एक विरल शाह; आधारच्या कामातही ते होते. ज्युलियाबद्दल २०१३ साली एक तक्रार नोंदली गेली, क्रमांक ४७७४. उभा रकाना आडवा केला आणि पुन्हा उभा केला, तर मूळचा रकाना परत मिळत नाही, दुसरीच वस्तू मिळते. रकान्याला त्याच्याच आडव्या रूपाने गुणलं तर एक आकडा यावा, तर एका आकड्याचा तक्ता येतो. बारावीचा मुलगा म्हणेल, यात काय अवघड? तज्ज्ञांना वाद संपवायला तीन वर्षांहून जास्त लागली, आणि २०१८ च्या आवृत्ती १.० मध्ये या गोष्टीचं पूर्ण बस्तान बसलं. भांडण लांबलं याचं मला कौतुकच वाटतं. आवृत्ती १.० नंतर हा बदल करणं जवळपास अशक्य होतं.

शेवटी, अजून न मिळालेल्या एका मागणीबद्दल. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी नष्ट झालं. एका प्रोग्रामने रेट्याचे आकडे पाउंडांत दिले, दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये आहेत असं धरलं. फरक ४.४५ पटींचा. दोन्ही ठिकाणी आकडा तो आकडाच. त्याचं एकक भाषेला ठाऊकच नव्हतं. ज्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीची ही मोहीम होती, तिथल्याच व्हॅन स्नायडर यांनी फोर्ट्रानच्या आकड्यांना एककं जोडता यावीत आणि मीटरमध्ये फूट मिळवले तर कंपायलरने अडवावं, असा प्रस्ताव समितीपुढे पुन्हा पुन्हा मांडला. समितीने तो घेतलेला नाही. काम मोठं, कंपायलरवाल्यांवर बोजा मोठा, हे खरं आहे. एफ-शार्प या भाषेत ही सोय आहे; ज्युलियात आणि पायथनमध्ये लायब्ररीतून भागवतात. पण लायब्ररी ज्याला आठवते त्यालाच वाचवते, आणि इथे मी लिफ्ट मागणाऱ्याच्या बाजूची आहे.

मुंबईत या मागणीला जेवढा पुरावा मिळेल तेवढा फार थोड्या ठिकाणी मिळेल. घाटकोपर ते मुलुंड पट्ट्यात रीडेव्हलपमेंटची कामं चालू आहेत. कुठल्याही साइटवर जा. वाळू आणि खडी ब्रासमध्ये येते, काँक्रीट घनमीटरमध्ये ओततात, सळई टनावर घेतात, तिचा व्यास मिलिमीटरमध्ये, फ्लॅट स्क्वेअर फुटांवर विकला जातो आणि मंजूर नकाशात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. हा २.८३ कुठल्या ना कुठल्या एक्सेलच्या कोपऱ्यात हाताने टाइप केलेला असतो, आणि ज्याने टाइप केला तो नोकरी सोडून गेलेला असतो. आज इथे एस्टिमेशनचं काम करणारे कुणी असतील तर त्यांना माझी विनंती आहे. आपल्या फाइलींतले असे आकडे एकदा काढून बघा, किती ठिकाणी आहेत, किती वेगवेगळ्या दशांशांत आहेत, आणि त्यातला कुठला चुकून दोनदा गुणला गेला आहे. ते पान मला दाखवा. समितीला पाठवायचा मसुदा मी बसून लिहून देईन.